सूर्यावरील डाग आणि कोडाईकनालची वेधशाळा

सूर्यबिंबावर अधूनमधून दिसणाऱ्या काळ्या डागांचा संबंध माणसाने फार पूर्वीपासून अवर्षणाशी आणि उपासमारीशी जोडलेला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या ‘बृहत्संहिते’च्या आदित्यचार या अध्यायात ‘तामसकीलक’ नावाच्या केतूंचा उल्लेख येतो. राहूचे हे पुत्र सूर्यबिंबावर दिसू लागले, की त्यांचा वर्ण, स्थान आणि आकार पाहून फल सांगावे, असा तेथे निर्देश आहे; आणि त्या फलांत पाऊस न पडणे व अन्नान्नदशा यांनाही स्थान आहे. हे तामसकीलक म्हणजेच आजचे सौरडाग होत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो निर्विवाद नाही. तथापि बिंबावरचा काळिमा आणि शेतातला दुष्काळ यांच्यात काही नाते असावे, ही शंका या भूमीत किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

तेराशे वर्षांनंतर हीच शंका इंग्रजी राजवटीच्या दप्तरांत नव्या वेषात अवतरली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यावर जो दुष्काळ कोसळला, त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असे मानले जाते. दुष्काळी कामांवरील मजुरीचा दर रोजच्या एका पौंड धान्यावर आणला गेला होता, आणि त्याच काळात बंदरांतून धान्याने भरलेली जहाजे परदेशी जात होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. नेमक्या याच वेळी, १८७७ मध्ये, सूर्याच्या वर्णपटाचे नामांकित अभ्यासक नॉर्मन लॉकियर आणि हिंदुस्थान सरकारचे संख्याशास्त्रप्रमुख विल्यम हंटर यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांचा संबंध सांगणारा लेख लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकात प्रसिद्ध केला. मद्रासच्या पर्जन्यमानाच्या नोंदी आणि डागांची संख्या या दोहोंचा चढउतार एकमेकांशी जुळतो, डाग अत्यल्प असतात त्या वर्षांत पाऊस रुसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनामागे खरी जिज्ञासा होती, यात शंका नाही. परंतु ते राज्यकर्त्यांना सोयीचेही होते. दुष्काळाचे कारण सूर्यात असेल, तर ते महसुलाच्या दरात, धान्याच्या व्यापारात आणि मदतीच्या कंजुषीत शोधण्याची निकड उरत नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेचा पाया ज्या मातीत घातला गेला, तिच्यात ही दोन्ही द्रव्ये मिसळलेली होती.

डागांच्या संख्येत नियमित चढउतार असतो, हे ज्ञान तोपर्यंत फार जुने झालेले नव्हते. १६११ च्या सुमारास योहानेस फाब्रिशियस, गॅलिलिओ, क्रिस्टॉफ शाइनर प्रभृतींनी दुर्बिणीतून डाग पाहिले आणि ते सरकतात त्यावरून सूर्य स्वतःभोवती फिरतो हे ताडले. मात्र त्यानंतर दोन शतके डाग ही एक कुतूहलाची बाब राहिली. डेसाऊ या जर्मन गावातील औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे १८२६ पासून रोज सूर्य न्याहाळू लागला, तो डागांसाठी नव्हे. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असावा आणि तो सूर्यबिंबावरून जाताना सापडावा, ही त्याची आस होती. ग्रह सापडला नाही. सतरा वर्षांच्या नोंदींतून डागांचे सुमारे दहा वर्षांचे चक्र मात्र हाती आले, आणि १८४३ मध्ये त्याने ते जाहीर केले. पुढे हा काळ सरासरीने अकरा वर्षांचा ठरला. चुकीच्या प्रश्नाचा निष्ठेने पाठपुरावा करता करता भलत्याच प्रश्नाचे खरे उत्तर सापडावे, ही सौरडागांच्या इतिहासातील जणू एक रीतच आहे. कोडाईकनाल येथे ती पुन्हा एकदा प्रत्ययाला आली.

दुष्काळानंतर सूर्याच्या नियमित निरीक्षणाची मागणी जोर धरू लागली. १८७८ पासून डेहराडून येथे सूर्याची रोज छायाचित्रे घेतली जाऊ लागली. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन यांनी दक्षिणेतील एखाद्या उंच डोंगरावर नवी वेधशाळा असावी, असा आग्रह धरला. त्यांच्यानंतर सूत्रे हाती आलेल्या चार्ल्स मिची स्मिथ यांनी पळणी डोंगरातील कोडाईकनालची जागा पसंत केली. समुद्रसपाटीपासून सुमारे २३४० मीटर उंचीवरील या जागी १८९५ मध्ये कोनशिला बसवली गेली आणि १८९९ मध्ये मद्रासचे काम तेथे हलवण्यात आले. नव्या वेधशाळेचा ताबा हवामान खात्याकडे देण्यात आला. ही व्यवस्था अर्थपूर्ण होती, कारण सूर्याचा अभ्यास येथे पावसासाठी व्हायचा होता.

याच सुमारास महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या एका प्रसंगाचा धागा या कथेत गुंफला गेला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया पश्चिम किनाऱ्यापासून ईशान्येकडे सरकत गेली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ ठोकला होता. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांची तुकडी उतरली होती. तिच्यात ग्रीनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड हे तिघे होते. माँडर दांपत्याने पुढे १९०४ मध्ये डागांचे अक्षांश कालानुक्रमे मांडून एक आलेख तयार केला. चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून दूर, तीस-पस्तीस अंशांच्या आसपास उमटतात आणि जसजशी वर्षे लोटतात तसतसे ते विषुववृत्ताकडे सरकतात. त्यामुळे आलेखाला पंख पसरलेल्या फुलपाखरांच्या रांगेचा आकार येतो. एव्हरशेड यांच्या वाट्याला याहून वेगळे काम येणार होते.

जॉन एव्हरशेड हे १८६४ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात जन्मले. उपजीविकेसाठी ते रासायनिक पृथक्करणाचे काम करीत आणि उरलेल्या वेळात स्वतः घडवलेल्या उपकरणांनी सूर्याचा वर्णपट तपासत. १९०६ मध्ये त्यांचा विवाह मेरी ॲक्वर्थ ऑर यांच्याशी झाला. मेरी स्वतः निष्णात खगोलनिरीक्षक होत्या. दान्ते या इटालियन महाकवीच्या काव्यातील ज्योतिषावरचा त्यांचा ग्रंथ वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. १९०७ च्या आरंभी हे दांपत्य कोडाईकनालला आले. एव्हरशेड यांनी तेथील उपकरणांची फेररचना केली आणि वर्णपटातील रेषा विस्ताराने वेगळ्या करून दाखवणारा एक समर्थ वर्णपटलेखक उभा केला.

तेवढ्यात दूर कॅलिफोर्नियातून एक महत्त्वाची वार्ता आली. माउंट विल्सन येथे जॉर्ज एलरी हेल यांनी हायड्रोजनच्या प्रकाशात सूर्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा डागांभोवती भोवऱ्यासारख्या वळलेल्या रेघा दिसल्या. डाग हा प्रचंड आवर्त असावा आणि विद्युत्भारित कण त्यात गरगर फिरत असल्यामुळे तेथे चुंबकत्व निर्माण होत असावे, असे अनुमान हेल यांनी बांधले. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगतात, हे पीटर झेमान यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिलेले होते. १९०८ च्या जूनमध्ये हेल यांना डागांच्या वर्णपटात तसेच दुभंगणे आढळले. मोठ्या डागातील क्षेत्र सुमारे ३००० गौस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट भरले. पृथ्वीबाहेर चुंबकत्व असल्याचा हा पहिला पुरावा होता. चुंबकत्व सिद्ध झाले. आवर्त मात्र अनुमानच राहिले.

त्या आवर्ताची गती मोजावी, या हेतूने एव्हरशेड यांनी डागांच्या वर्णपटाकडे लक्ष वळवले. वायू निरीक्षकाकडे येत असेल तर रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. डाग भोवऱ्यासारखा फिरत असेल, तर कडेजवळच्या डागाची एक बाजू जवळ येताना आणि दुसरी दूर जाताना दिसली पाहिजे. ५ जानेवारी १९०९ रोजी हवा अतिशय निर्मळ असताना त्यांनी दोन मोठ्या डागांचे वर्णपट टिपले. डागाच्या गाभ्यातील काळ्याभोर भागाला प्रच्छाया आणि तिच्याभोवतीच्या तंतुमय करड्या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. उपच्छायेत रेषा स्पष्टपणे सरकलेल्या होत्या, पण त्या अपेक्षित दिशेने नव्हे. बिंबाच्या मध्याकडील अर्ध्या उपच्छायेत त्या निळ्याकडे गेल्या होत्या आणि कडेकडील अर्ध्या भागात तांबड्याकडे. डाग बिंबाच्या मध्याशी आला की हे सरकणे नाहीसे होई. याचा अर्थ एकच होता. वायू गोल फिरत नव्हता. तो प्रच्छायेच्या सीमेवरून पृष्ठभागाला समांतर असा, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने बाहेर वाहत होता. ‘एव्हरशेड परिणाम’ या नावाने ही घटना आज जगभर ओळखली जाते.

या शोधाचे महत्त्व समजून घ्यावयाचे, तर त्याने कोणती कल्पना बाजूला सारली हे पाहावे लागते. हेल यांच्या चित्रात प्रवाह हा धनी होता आणि चुंबकत्व त्याचे चाकर; वायू फिरतो म्हणून क्षेत्र उपजते. कोडाईकनालच्या वर्णपटांनी तो फिरता वायूच नाकारला. मग डागातील चुंबकत्व आले कोठून? आणि वायू बाहेर का धावतो? १९१३ मध्ये माउंट विल्सनच्या चार्ल्स सेंट जॉन यांनी एव्हरशेड यांच्या मोजमापांना दुजोरा दिला, त्याचबरोबर वरच्या थरांत हा प्रवाह उलटा, आतल्या दिशेने वाहतो असेही दाखवले. घटना निश्चित झाली, तरी तिचे कारण अनेक दशके अंधारात राहिले.

इकडे ज्या प्रश्नासाठी वेधशाळा उभी राहिली होती, त्याचाही निकाल लागला. १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणिती. त्यांनी जगभरच्या पर्जन्यनोंदी आणि डागांची संख्या यांचे सहसंबंध काटेकोरपणे काढले आणि पावसाचे भाकीत करता येईल इतके बळकट नाते त्यांत नाही, असा निर्वाळा दिला. मोसमी पावसाच्या दोऱ्या शोधता शोधता त्यांना प्रशांत महासागराच्या दोन बाजूंमधील वायुदाबाचा झोका, दक्षिणी आंदोलन, गवसला. आणि एल निनोशी जोडला गेलेला तोच झोका भारताच्या दुष्काळांच्या संदर्भात खरोखर मोलाचा ठरला. आजच्या मोजमापांनुसार सौरचक्राबरोबर सूर्याच्या एकूण तेजात पडणारा फरक जेमतेम एक सहस्रांश असतो. एकाच खात्याच्या छत्राखाली एका माणसाने सूर्याला दुष्काळाच्या आरोपातून जवळजवळ मुक्त केले आणि दुसऱ्याने त्या सूर्याच्या पोटातील प्रवाहांचे दार किलकिले केले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या दारातून आत शिरायला नवे भौतिकशास्त्र लागले. सूर्याच्या त्रिज्येच्या बाहेरच्या सुमारे तीस टक्के भागात, म्हणजे दोन लाख किलोमीटर खोलीपर्यंत, उष्णता अभिसरणाने वर येते. आधणाच्या पाण्याप्रमाणे तप्त द्रव्य वर चढते, थंडावते आणि खाली जाते. १९४१ मध्ये लुडविग बिअरमान यांनी सुचवले, की प्रखर चुंबकीय क्षेत्र या उकळण्याला वेसण घालते. उष्णतेची रसद तुटली की तो भाग भोवतालापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहतो आणि म्हणून काळा दिसतो. उपच्छायेत क्षेत्ररेषा आडव्या कललेल्या असतात. तेथे अभिसरण पूर्णपणे थांबत नाही. वर आलेला वायू त्या कललेल्या रेषांच्या पन्हळीतून बाहेर वळवला जातो आणि उपच्छायेच्या कडेशी पुन्हा खाली उतरतो. २००९ च्या सुमारास संगणकावर साकारलेल्या तपशीलवार प्रतिकृतींतून एव्हरशेड प्रवाहाचे हे स्वरूप उलगडले. डागापुरते पाहिले, तर धनी चुंबकत्व आहे आणि प्रवाह चाकर.

सूर्याच्या अंतरंगात मात्र हे नाते उलटते. १८६३ मध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांच्या हालचालींवरून दाखवले होते, की सूर्य घन गोळ्यासारखा फिरत नाही. विषुववृत्ताला एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात, उच्च अक्षांशांना त्याहून अधिक. जोसेफ लार्मर यांनी १९१९ मध्ये अशी कल्पना मांडली, की विद्युत्वाहक द्रव्याचा प्रवाह स्वतःच जनित्राप्रमाणे चुंबकीय क्षेत्र राखू शकेल. टॉमस काउलिंग यांनी १९३३-३४ मध्ये गणिताने सिद्ध केले, की प्रवाह अक्षाभोवती पूर्णपणे सममित असेल तर हे अशक्य आहे. ही अडचण १९५५ मध्ये यूजीन पार्कर यांनी ओलांडली. तप्त आयनित द्रव्यात क्षेत्ररेषा जणू गोठलेल्या असतात आणि त्याच्याबरोबर ओढल्या जातात. विषुववृत्त पुढे धावते, ध्रुवाकडील भाग मागे रेंगाळतो, त्यामुळे ध्रुवापासून ध्रुवाकडे जाणाऱ्या रेषा ताणल्या जाऊन सुताच्या लडीसारख्या सूर्याभोवती गुंडाळल्या जातात. अशा प्रखर क्षेत्राचे वेटोळे भोवतालापेक्षा हलके होऊन वर तरंगते आणि पृष्ठभाग भेदून बाहेर पडते. ज्या दोन ठिकाणी ते पृष्ठाला छेदते, तेथे विरुद्ध ध्रुवतेच्या डागांची जोडी उमटते. एका गोलार्धात पुढचा डाग उत्तरध्रुवी, तर दुसऱ्यात दक्षिणध्रुवी. आणि पुढच्या चक्रात सारेच उलट. हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलेल्या बावीस वर्षांच्या चुंबकीय चक्राचा उलगडा अशा रीतीने झाला.

चक्र पूर्ण होण्यासाठी गुंडाळलेल्या क्षेत्राने पुन्हा ध्रुवाकडे वळणे आवश्यक असते. १९६० च्या दशकात होरेस बॅबकॉक आणि रॉबर्ट लेटन यांनी याची किल्ली डागांच्या जोडीच्या तिरपेपणात शोधली. जोडीतील पुढचा डाग विषुववृत्ताला किंचित जवळ असतो. डाग विरले, की त्यांचे चुंबकत्व पसरते आणि मागच्या डागाचा वाटा ध्रुवाकडे जाऊन जुन्या क्षेत्राला पुसून नवे, उलटे क्षेत्र प्रस्थापित करतो. हा तिरपेपणा का येतो, या प्रश्नाचे उत्तर देण्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अर्णब राय चौधुरी यांचा मोठा वाटा आहे. वर चढणाऱ्या वेटोळ्याला सूर्याच्या परिवलनामुळे पीळ पडतो. १९९३ मध्ये सिडनी डिसिल्व्हा यांच्यासह त्यांनी दाखवले, की निरीक्षणांशी जुळणारा कल यायचा तर तळाशी क्षेत्र सुमारे एक लाख गौस असले पाहिजे. डागांच्या कलाची प्रत्यक्ष मोजमापे ज्या संग्रहांतून आली, त्यांत कोडाईकनालची जुनी छायाचित्रे होती.

दरम्यान सूर्याच्या आत डोकावण्याचे साधनही उपलब्ध झाले. १९६० च्या सुमारास लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होताना दिसला. ही आंदोलने म्हणजे आत कोंडलेल्या ध्वनिलहरी होत. भूकंपलहरींवरून पृथ्वीचे पोट जाणावे, तसे त्यांवरून सूर्याचे पोट जाणता येते. १९९५ पासून जगभरच्या सहा ठिकाणांहून या कंपनांची अखंड नोंद होऊ लागली. त्यांतील एक ठिकाण उदयपूर येथे आहे. या नोंदींवरून कळले, की विषम परिवलन अभिसरणाच्या थराच्या तळापर्यंत टिकून राहते आणि तेथील एका पातळ पट्ट्यात एकाएकी संपते. पृष्ठालगत विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारा एक संथ ओघही मोजला गेला. त्याचा वेग सेकंदाला दहा-वीस मीटर, म्हणजे आगगाडीच्या वेगाइतका. परंतु विरलेल्या डागांचे चुंबकत्व ध्रुवापर्यंत वाहून नेण्यात त्याचा मोठा हातभार लागतो. हा ओघ खोलवर उलट फिरून विषुववृत्ताकडे येत असेल, तर माँडरांच्या फुलपाखराचे पंख विषुववृत्ताकडे का मिटतात, हे स्पष्ट होते. चौधुरी, मानफ्रेड श्यूसलर आणि मौसमी दीक्पती यांनी १९९५ मध्ये असे प्रारूप मांडले.

या विचारपरंपरेची कसोटी लवकरच लागली. चोविसाव्या सौरचक्राबद्दल दीक्पती आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते प्रबळ असेल असे सांगितले. चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते दुर्बळ असेल असे सांगितले. प्रारूपांचा गाभा समान होता. भेद होता तो सूर्यातील खळबळ क्षेत्राला किती वेगाने पसरवते, यासंबंधी. २०१४ मध्ये शिखर गाठलेले ते चक्र सुमारे शंभर वर्षांतील सर्वांत दुर्बळ ठरले. त्यामुळे एक बाजू तरली, तरी वाद मिटला असे नव्हे. खोलवरचा परतीचा ओघ नेमका कसा आहे, यावर एकमत नाही; आणि २०२४ मध्ये काही संशोधकांनी सौर जनित्राचे स्थान तळाशी नसून पृष्ठालगतच्या थरात असावे, असा पर्याय साधार पुढे ठेवला आहे.

एव्हरशेड १९२३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले. पुण्याची वेधशाळा नायगमवाला यांच्या निवृत्तीबरोबर १९१२ मध्ये बंद झाली, आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३७ मध्ये ए. एल. नारायण हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि सूर्य व पाऊस यांचा प्रशासकीय संसार संपला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल १ हे यान आता पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य पाहते. त्यालाही जे मिळणार नाही, असे काही कोडाईकनालजवळ आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून, हवा निर्मळ असेल त्या प्रत्येक दिवशी, तेथील सहायकांनी सूर्याचे छायाचित्र घेतले. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात उरली नाहीत. डागांचे एक चक्र अकरा वर्षांचे आणि चुंबकत्वाचे बावीस वर्षांचे. तेव्हा एका माणसाच्या सेवाकाळात सूर्य जेमतेम दोनदा श्वास घेतो. त्याची नाडी पाहायची, तर अनेक पिढ्यांनी एकाच खिडकीशी बसून नोंद ठेवावी लागते.

दुष्काळात मेलेल्या लाखो माणसांना या ज्ञानाने काही दिले नाही; त्यांच्या मृत्यूचे कारण सूर्यबिंबावर लिहिलेले नव्हते, हेच अखेर निष्पन्न झाले. हा निष्कर्षही लहान नव्हे. वराहमिहिराच्या काळापासून सूर्यावर ठेवलेला ठपका दूर झाला, की उपासमारीचा जाब कोणाला विचारायचा, हे ठरवण्याची जबाबदारी पुन्हा माणसांकडे येते. सूर्यावरच्या डागांना त्यांचे स्वतःचे कारण मिळाले आहे. ते सूर्याच्याच पोटातील प्रवाहांत आणि चुंबकत्वात आहे.